न धुवायचे सात शर्ट

१

नोलीन टॅटनलच्या घरी आलेल्या माणसाला सगळं घर बघायला मिळे, एक खोली सोडून. त्या खोलीच्या दारापाशी आलं, की नोलीन पाहुण्याचा दंड हलकेच धरी आणि त्याला मागच्या अंगणाकडे वळवी. "तिथे काय, माझं शिवण पडलंय," ती म्हणे. मागच्या अंगणात बघण्यासारखं होतं ते एक लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घालायची दांडी. एका खांबावर छत्रीसारखी उघडलेली, वाऱ्यावर फिरणारी, गावात घरोघरी असते तसलीच. तरी पोर्ट मेरिकमधल्या बहुतेकांनी ते लिंबाचं झाड चार-चार वेळा बघितलेलं होतं.

बंद दाराआड चाळीस वर्षांचं कापड होतं. जमिनीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत गठ्ठे, त्यांच्यावर लोकरीचे गुंडे, त्यांच्यावर मासिकं. चौदा कात्र्या होत्या, आणि हवी तेव्हा त्यांतली एकही हजर नसे. शिवणयंत्रं दोन. एक चालू, दुसरं 'दुरुस्तीला टाकायचंय' या पदावर एकोणीस वर्षं कायम. जिच्यावर ससे काढले होते अशी एक बाळाची गोधडी अर्धी होऊन पडली होती. ते बाळ आता लाकडं वाहायचा ट्रक चालवत होतं.

यात जगावेगळं काही नव्हतं. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये शिवायला जमणाऱ्या बायांपैकी प्रत्येकीच्या घरी अशी एक खोली होती. घरातलं सगळं कापड शिवून संपल्याखेरीज देवाला माणूस नेता येत नाही, असं त्या आपसात म्हणत, आणि त्या हिशेबाने बुधवारच्या बाया अमर होत्या.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"नोल, घर गेलं बाई एकदाचं," ग्लेनिस ब्रॅमिच म्हणाली. "सह्या झाल्या. शनिवारी बोटीने निघते, बहिणीकडे."

"बरं झालं की," नोलीन म्हणाली. "एकटीने किती दिवस ओढशील."

"तर शुक्रवारी तुझ्याकडे येते. गोधडी घेऊन जाते."

नोलीनच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

"काठ तेवढे राहिलेत गं—"

"काठ राहू देत. लायलच्या तरी कुठल्या बाहीचा काठ धड होता? झाली असेल तेवढी दे. नसेल झाली, तर शर्ट दे. ते आहेत ना?"

"आहेत म्हणजे काय. असायला काय झालंय."

"मग शुक्रवारी. दहाला," ग्लेनिस म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

टेबलाच्या पलीकडून मर्व्हने वर्तमानपत्र खाली केलं. नोलीनचा नवरा पंचेचाळीस वर्षांच्या संसारात फार थोडं बोलला होता, पण ते नेमकं नको तेव्हा बोलला होता.

"नऊ वर्षं झाली ना त्या काठाला?" तो म्हणाला.

२

नऊ वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडाशी, लायल ब्रॅमिच शेवंडाचे पिंजरे उचलायला गेला आणि त्याची बोट उलटी सापडली. लायल सापडला अकरा दिवसांनी. ओळख पटवायला ग्लेनिसला धक्क्यावरच्या शेडमध्ये बोलावलं. ती एकटी आत गेली, बाहेर आली, कोणीतरी पुढे केलेला चहा उभ्याने प्यायली आणि त्या शेडबद्दल पुढे कधी अवाक्षर बोलली नाही.

समुद्रात गेलेल्या माणसाच्या शर्टांची गोधडी करायची, ही पोर्ट मेरिकची जुनी चाल. मात्र नवऱ्याच्या शर्टाला बायकोने कात्री लावायची नाही. ते काम मैत्रिणीचं. ग्लेनिसने नोलीनला सांगितलं तेव्हा नोलीनला मान मिळाल्यासारखं वाटलं होतं, आणि बुधवारच्याच कोरलला न सांगता आपल्याला सांगितलं, याचा थोडा आनंदही झाला होता. हे आठवलं की तिला अजून कसंतरी होई.

ग्लेनिस उशीच्या अभ्र्यात शर्ट घालून आली होती. अभ्र्याचं तोंड बांधलेलं होतं.

"सात आहेत," ती म्हणाली होती. "धुवायच्या टोपलीतनं काढलेत, तसेच. धुऊ नकोस हं, नोल."

फाटकापर्यंत जाऊन ती परत वळली होती. "धुणार नाहीस ना?"

"वेडी आहेस का तू," नोलीन म्हणाली होती.

कापड घरात आलं की आधी गरम पाण्यातून काढायचं. आटायचं ते आटतं, रंग सुटायचा तो सुटतो, मगच कात्री. ही बुधवारच्या बायांची पहिली आज्ञा. चर्चच्या दहा आज्ञांपैकी दोन-तीन नोलीनने इकडच्या तिकडे केल्या असतील, ही कधीच नाही. त्या गुरुवारी तिच्यापाशी बाजारातून आणलेलं अस्तराचं कापड होतं, कानाला फोन होता, आणि हात आपले काम करत होते. हातांनी अस्तर यंत्रात टाकलं, अभ्रा सोडला, त्यातलंही टाकलं, वर लव्हेंडरची पावडर घातली.

दांडीवर पाचवा शर्ट वाळत घालताना तिला आठवलं.

उरलेले दोनही तिने घातले. दुसरं करणार काय? खालच्या घेराला चिमटे लावून, उलटे, म्हणजे खांद्यावर चिमट्याच्या खुणा पडत नाहीत. मग ती एकेका शर्टाच्या काखेत नाक खुपसत सगळी दांडी फिरली. सातही शर्टांना लव्हेंडरचा वास येत होता.

त्या आठवड्यात एकदा ती मर्व्हच्या शेडमध्ये एका हातात शर्ट आणि दुसऱ्या हातात डिझेलच्या डब्याचं झाकण घेऊन उभी राहिली होती. खिशात सार्डिन मासळीचा टिनही होता. स्वतःला तसं उभं बघून तिला इतकी शरम वाटली, की तिने शर्ट घडी करून पुन्हा अभ्र्यात घातले, तोंड बांधलं आणि अभ्रा शिवणाच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, कापसाच्या गुंडाळ्यांच्या मागे, हात पोचेल तितका आत ढकलून दिला.

पुढची नऊ वर्षं गोधडी तोंडी शिवली गेली. पहिल्या वर्षी 'कापतेय', दुसऱ्या वर्षी 'मांडणी जमत नाहीये', मग अस्तराचा रंग, मग नोलीनचा खांदा, मग काठ. लायलच्या तारखेला ग्लेनिस दर वर्षी एकदाच विचारी, "कशी चाललीय गं?" आणि उत्तर ऐकताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राही.

३

मंगळवारी कोरल फिंच तीन प्लॅस्टिकचे टब घेऊन आली. एकावर 'ठेवायचं', दुसऱ्यावर 'द्यायचं', तिसऱ्यावर 'फेकायचं' असं लिहिलेलं होतं. नवरा सोडून गेल्यापासून कोरलला दुसऱ्यांची घरं आवरायचं वेड लागलं होतं. स्वतःचं घर त्याने जाताना बरंचसं आवरूनच दिलं होतं. नोलीनने तिला 'खोली एकदा लावून घ्यायचीय' एवढंच सांगितलं होतं. एकटीने त्या कपाटापर्यंत वाट काढणं चार दिवसांत शक्य नव्हतं.

"हे काय आहे?" कोरलने पहिलीच पिशवी उपडी केली.

"चेनी."

"किती?"

"दोनशे असतील. स्वस्तात मिळाल्या."

"नोल, तू जन्मात पँट शिवली नाहीस."

"मर्व्हची कधी गेली तर—"

"दोनशे वेळा? या वयात?" कोरलने पिशवी 'द्यायचं'मध्ये भिरकावली. "तेवढ्या तरुणपणी गेल्या असत्या तर तुझा चेहरा वेगळा दिसला असता."

दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. ती हिरवी होती, हे नोलीन विसरून गेली होती. चौदा कात्र्या एका खोक्यात आल्या, बटणं रंगावारी बरण्यांत गेली, मासिकं दोरीने बांधून बाहेर पडली. मग कोरल कपाटाजवळ थबकली आणि तिने हवा हुंगली.

"मर्व्ह इथे आमिष ठेवतो का?"

"कसलं आमिष? बोटीवरनं उतरून बावीस वर्षं झाली त्याला."

"पिंजऱ्यात लावतात ते. कुजकं मासळीचं." कोरल पुन्हा हुंगली. "आणि डिझेल. ओला दोर... आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर. ई, उंदीर मेलाय तुझ्याकडे."

नोलीनलाही वास आला होता, सकाळी दार उघडल्या उघडल्या. इतकी वर्षं आपण या वासाची मनात उजळणी केली, म्हणून नाकाला भास होतोय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पण कोरलच्या नाकाला भास व्हायचं काही कारण नव्हतं. कोरलने कधीच कुणाचे शर्ट धुतले नव्हते. तिच्या नवऱ्याची तीच तर तक्रार होती.

"कपाट उद्या करू," नोलीन म्हणाली आणि तिने कोरलचा दंड हलकेच धरला. "चल, तुला लिंबं देते."

४

कोरलची गाडी वळणाआड गेल्यावर नोलीनने कापसाच्या गुंडाळ्या बाहेर ओढल्या. अभ्रा होता तिथेच होता. हाताला दमट लागला.

तोंडाची गाठ सुटेना. तिने स्वतः फुलासारखी गाठ मारली होती, ही घट्ट आणि चपटी होती. कात्र्यांच्या खोक्यातली पहिलीच कात्री घेऊन तिने दोरी कापली. आज कात्री मागता क्षणी मिळाली, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

आत शर्ट नव्हते. चौकोन होते, वितीएवढे, निळ्या चौकटीच्या शर्टाचे, तपकिरी फ्लॅनेलचे, कोपरावर विरलेल्या करड्याचे, एकमेकांना जोडलेले. चार ओळी झाल्या होत्या. टाके हाताचे, मोठे, मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एक गाठ.

ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि रीतसर विचार करू लागली. एक, हे तिने स्वतः केलं असेल आणि विसरली असेल. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्या घेऊन एका बाईने झोपेत अख्खा केक खाल्ल्याचं तिने वाचलं होतं. पण केक खाण्याला कौशल्य लागत नाही. दोन, कोणीतरी घरात येऊन केलं असेल. कोण? या खोलीत शिरायचं तर आधी सोळा गठ्ठे हलवावे लागत होते. तीन. तिसऱ्यापर्यंत ती गेली नाही.

खरं सांगायचं तर विचार संपायच्या आधीच तिला एक हलकेपणा वाटला होता. शुक्रवारी दाखवायला काहीतरी होतं. आणि वास होता. लव्हेंडरचा मागमूस नव्हता. ग्लेनिस नाक लावेल आणि तिला कळणारही नाही. त्या हलकेपणाची लाज तिला वाटली, पण ती नंतर.

बुधवारी सकाळी ती ते काम स्वयंपाकघरात उजेडाला घेऊन बसली. ओळी पाच झाल्या होत्या. काल बहुतेक मोजताना चुकलं असेल. मर्व्ह चहा करायला आला आणि कप हातात धरून तिच्या खांद्यामागे उभा राहिला.

"ही गाठ तुला कोणी शिकवली?"

"कुठली? ही होय. इंटरनेटवर बघितली."

"ही जाळं सांधायची गाठ आहे."

"असेल. मजबूत असते म्हणतात."

मर्व्हने वाकून चष्मा सारखा केला. "आणि उलटी आहे. डाव्या हाताची. दोन हंगाम मी लायलच्या शेजारी बसून जाळी सांधली. त्याची प्रत्येक गाठ माझ्या गाठीकडे पाठ करून बसायची. सोडवताना आई आठवायची."

"मग इंटरनेटवरचा माणूस डावखुरा असेल," नोलीन म्हणाली.

मर्व्हने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं ती पुढे स्वतःला बजावत राहिली.

"छान केलंयस," तो म्हणाला. "लायलला आवडलं असतं." आणि चहा घेऊन तो बागेत गेला.

५

गुरुवारी दुपारी मर्व्ह क्लबात गोलंदाजी करायला गेला. हिरवळीवर पांढरे कपडे घालून गोळे घरंगळवायचे आणि मग दोन तास त्यावर बोलायचं, असा तो खेळ होता. तो संध्याकाळपर्यंत येणार नव्हता.

खोली आता जवळजवळ रिकामी होती. फळ्यांवर कापड रंगावारी उभं, टेबल मोकळं, यंत्रावर झाकण. इतक्या वर्षांनी खोलीला चार भिंती असल्याचं दिसत होतं. नोलीनने गोधडी टेबलावर पसरून ठेवली, ओळी सात मोजल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला घेतले.

तिसऱ्या बटाट्याला तिला आवाज ऐकू आला.

शिवणाऱ्या माणसाला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. जाड कापडातून लांब दोरा ओढला जातो, त्याची सरसर. मग जरा शांतता, गाठ मारण्याएवढी. मग पुन्हा सरसर. घाई नव्हती. पुढे भरपूर वेळ आहे अशा माणसाचं काम चाललं होतं.

ती बटाटा हातात घेऊनच बोळात आली. फ्रीज गुरगुरत होता. फ्रीजचाच असेल, तिने ठरवलं. तेवढ्यात फ्रीज थांबला, आणि सरसर चालूच राहिली.

ती दारापाशी उभी राहिली. आपल्याच घरातल्या आपल्याच खोलीच्या दारावर टकटक करावं की काय, हे तिला ठरवता येईना. हात वर गेला आणि खाली आला. मग आतून एक बारीक आवाज आला. तट्.

आत चौदा कात्र्या एका खोक्यात ओळीने मांडलेल्या होत्या. हा कात्रीचा आवाज नव्हता. हा दोरा दातांनी तोडल्याचा आवाज होता.

तिने किल्ली फिरवली. आत कोणी नव्हतं. खिडकीला आतून कडी होती. गोधडीच्या नऊ ओळी झाल्या होत्या, आणि खुर्चीचं कापड ओलं होतं, मागे टेकायच्या जागेसकट. हिरव्या जमिनीवर खुर्चीभोवती पाण्याचं लहानसं थारोळं होतं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं, आणि मग का लावलं म्हणून स्वतःवर चिडली. खारट होतं.

या जागी दुसरं कोणी असतं तर घर सोडून पळालं असतं. नोलीनने फडकं आणलं, जमीन पुसली, खुर्ची उन्हात ठेवली. कारण पळायचं तर कोणाला तरी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर सुरुवात त्या धुण्यापासून करावी लागली असती.

"उद्या दहा वाजता न्यायला येतील," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की आपण कामगाराला मुदत सांगावी तसं बोललो.

शुक्रवारी सकाळी बारा ओळी पुऱ्या होत्या. नोलीनने यंत्रावर अस्तर जोडलं, काठ दुमडले, तेवढं तरी आपलं, म्हणून. मग शेवटचं काम उरलं. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर लेबल लावायचं, त्यावर करणारीचं नाव आणि साल घालायचं, ही बुधवारच्या बायांची शेवटची आज्ञा. नोलीनने पांढऱ्या फितीवर न पुसणाऱ्या शाईने लिहिलं: 'लायलसाठी. नोलीन टॅटनलने शिवली.' लिहिताना हात जराही कापला नाही. त्याचंच तिला वाईट वाटलं.

लेबल शिवताना तिने शर्ट मोजले. निळा, तपकिरी, करडा, हिरव्या चौकटीचा, विटकरी, काळा. सहा. सातवा पांढरा होता, बारीक लाल रेघेचा, लायलचा चर्चला जायचा. तो गोधडीत नव्हता. अभ्र्यात नव्हता. कपाटात नव्हता.

पावणेदहा वाजले होते. तिने शोधणं थांबवलं आणि केस विंचरले.

६

ग्लेनिस दहाला आली. सत्तरी ओलांडलेली, ताठ, हातात जिरेनियमची कुंडी. "ही बोटीवर नेऊ देत नाहीत. तुझ्याकडे राहू दे, मेली तरी कळवू नकोस," म्हणत तिने कुंडी नोलीनच्या हातात दिली आणि बोळातून सरळ चालत गेली. नोलीनने दंड धरायचं काही कारण उरलं नव्हतं. दार उघडंच होतं.

"अगं बाई," ग्लेनिस उंबऱ्यात थांबली. "इथे खोली होती होय?"

नोलीन हसली. ग्लेनिसही हसली. मग तिने टेबलाजवळ जाऊन गोधडीवरून सावकाश हात फिरवला, एका चौकोनावरून दुसऱ्यावर, कोपऱ्यावरच्या गाठीशी थांबत.

"टाके मोठे आहेत."

"हाताने घातलेत ना."

"सगळे तूच?"

"मग कोण येतंय?"

ग्लेनिसचं बोट गाठीवर होतं. "आणि धुतले नाहीस ना, नोल?"

"नाही गं," नोलीन म्हणाली. नऊ वर्षांची सवय होती, शब्द आपोआप आले.

ग्लेनिसने मान हलवली, जसं काही एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"त्या गुरुवारी मी तुझ्याकडे येत होते," ती म्हणाली. "म्हटलं, सातांतला एक परत मागून घ्यावा, उशाशी ठेवायला. मागच्या गल्लीनं आले. कुंपणाशी पोचले तर सातही दांडीवर. उलटे. गावात तसे तूच घालतेस. वारा होता, बाह्या खाली लोंबत होत्या, हलत होत्या. म्हटलं, चला, निदान निरोप तरी घेतोय."

नोलीनच्या हातात अजून कुंडी होती. ती ठेवायला जागा बघायची, तर सगळी खोली रिकामी असूनही तिला जागा सापडेना.

"तू बोलली का नाहीस?" ती शेवटी म्हणाली.

"तू बोलशील म्हणून. दर वर्षी विचारत नव्हते का?"

"ग्लेन, मी—"

"मला आता नको सांगूस. मला माहीत आहे." ग्लेनिसने गोधडी उचलली. "वास आणायला काय केलंस? मासळी चोळलीस?"

तिने थट्टेनेच कोपरा नाकाशी नेला. मग ती थट्टा चेहऱ्यावर तशीच राहून गेली. तिने दुसरा कोपरा हुंगला, मग मध्यभागात तोंड घातलं आणि बराच वेळ तशी उभी राहिली.

"हा त्या शर्टांचा वास नाही," ती म्हणाली.

"अगं, कपाटात दमट—"

"शर्टांना तंबाखूचा वास होता. आणि केसांच्या तेलाचा. हा शेडमधला आहे. धक्क्यावरच्या." तिचा आवाज अगदी सरळ होता. "चादर बाजूला केली तेव्हाचा. तिथे मी एकटीच होते, नोल. हा वास तुला माहीत असायला नको."

बाहेर दांडी वाऱ्याने करकरली.

"नेऊ नकोस," नोलीन म्हणाली. "जाळून टाकू. आत्ता."

ग्लेनिस गोधडीची घडी घालत होती, लहान मुलाला पांघरुणात गुंडाळावं तशी, कडा आत घेत. "नऊ वर्षं वाट बघितली मी. असा तर असा." घडीच्या मागच्या बाजूला तिला लेबल दिसलं. तिने ते वाचलं. पर्समधून नखं कापायची कात्री काढून तिने लेबलाचे चारही टाके उसवले, दोऱ्याचे तुकडे चिमटीत गोळा केले आणि फीत नोलीनच्या तळहातावर ठेवली.

"हे तुझं. ठेव."

दारात ती थांबली. "यात सहाच आहेत. पांढरा नाहीये."

"सापडला नाही," नोलीन म्हणाली. नऊ वर्षांत गोधडीबद्दल ग्लेनिसला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, आणि ती सगळ्यांत खोटी वाटली.

"सापडेल," ग्लेनिस म्हणाली. "मला जे सांगणार होतीस ना, ते तेव्हा त्याला सांग."

७

गाडीचा आवाज गेल्यावर घर फार शांत झालं. मर्व्ह ग्लेनिसची खोकी बांधू लागायला तिच्या घरी गेला होता. नोलीनने कुंडी खिडकीत ठेवली. खोलीत वास उरला नव्हता. लव्हेंडर नाही, डिझेल नाही, काही नाही. नुसती एक स्वच्छ खोली, कोणालाही दाखवावी अशी.

मागे दांडी करकरतच होती. भरलेली असली की ती अशी करकरे. रिकामी असली की फिरत असे मुकाट.

आज धुण्याचा दिवस नव्हता. आज तिने काही वाळत घातलेलं नव्हतं.

ती मागच्या दारापाशी गेली. दांडीवर एकच शर्ट होता, पांढरा, बारीक लाल रेघेचा. त्यातून पाणी गळत होतं. तीन आठवड्यांत पाऊस नव्हता. खालचं गवत वाळून पिवळं झालं होतं, आणि शर्टाखाली तेवढं काळं. चिमटे खांद्यांना लावलेले होते. तिने कधीच तसे लावले नसते. पुरुष घालतात तसा, सुलटा, मान वर करून घातलेला होता.

नोलीन लिंबाच्या झाडापर्यंत गेली. तिथेच ती थांबली.

"मी धुतले," ती म्हणाली.

मग तिने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

"तिने नको म्हटलं होतं. दोनदा. मी धुतले, आणि नऊ वर्षं खोटं बोलले. आणि आज तुझ्या कामावर माझं नाव घातलं."

दांडी वाऱ्यावर अर्धी फिरली आणि शर्ट तिच्या समोर आला. त्याची डावी बाही वाऱ्याने भरली, फुगली, वर उचलली गेली.

मग वारा पडला. लिंबाची पानं स्थिर झाली. करकर थांबली. दांडी जिथल्या तिथे उभी राहिली.

बाही खाली आली नाही. ती तशीच, काही मागावं तशी, तिच्या दिशेने पुढे राहिली, कफ उघडा, आणि कफाच्या आतून एकेक थेंब गवतावर पडत होता.

नोलीनच्या मुठीत लेबल होतं. मूठ उघडायला तिला फार वेळ लागला.